पिंजरा लावला, धरून नेला, तरी परत आलाच : वस्तीवर येणाऱ्या बिबट्याचं काय करायचं

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर ह्या पुणे जिल्ह्यातल्या चार तालुक्यांत उसाच्या कडेला ज्यांची घरं आहेत त्यांना हा प्रॉब्लेम वेगळा सांगायला नको. शेळी जाते, वनखात्याला फोन होतो, पिंजरा येतो, काही दिवसांनी एक बिबट्या अडकतो, अख्खं गाव मोबाईल घेऊन फोटो काढायला पळतं, गाडी त्याला घेऊन जाते आणि महिना होतोय न होतोय तोवर पाटाच्या कडेला परत ठसे. मग परत ग्रामसभा, परत निवेदन, परत पिंजरा. काही वस्त्यांवर तर पिंजरा ठेवायची जागासुद्धा कायमची ठरून गेलीये.

मी पण वस्तीवरच राहतो, ऊस आणि कांदा करतो, आणि वनखात्याची माणसं आली की गावातली आम्ही काही पोरं मदतीला जातो, त्यामुळं बऱ्याच वस्त्यांवरचं हे चक्र जवळून बघितलंय. पिंजरा बिबट्याला नेतो, पण तो कशासाठी येत होता ते तिथंच राहतं, म्हणून दुसरा येतो. ते काय आहे हे वस्तीवाल्यानंच शोधायचं असतं, वनरक्षक बिचारा दहा-बारा गावं सांभाळतो, त्याला तुमच्या गोठ्यामागं काय पडलंय ते कुठून कळणार.

आणि एक आधीच सांगतो, रात्री गाडीच्या लाईटमध्ये एकदा रस्ता ओलांडताना दिसला तर त्याचं काही करायचं नसतं. तो तिथून रोज जात असतो, तुम्हाला त्या दिवशी दिसला इतकंच. हे सगळं लिहितोय ते वस्तीवर वारंवार येणाऱ्यासाठी.

आधी खात्री करा की बिबट्याच आहे

निम्म्या वेळा नसतो. तरस असतो, कोल्हा असतो, शिरूरच्या माळाकडं लांडगा असतो, आणि उसात सापडलेली "बिबट्याची पिल्लं" पुष्कळदा रानमांजराची निघतात. ओल्या मातीत ठसा बघा. मांजराच्या जातीचा प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो त्यामुळं ठशात नखं उमटत नाहीत, चार बोटं आणि मागं मोठी गादी, एकूण आकार गोलसर. कुत्रा, तरस, लांडगा ह्यांच्या ठशात बोटांच्या पुढं नखांचे टिंब दिसतात. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून वरून सरळ फोटो काढा, म्हणजे साईज कळते, आणि तो वनरक्षकाला पाठवा. "खूप मोठा होता" ह्याचा त्याला काही उपयोग नाही.

व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ तर सोडूनच द्या. आता एआयवर बनवलेले बिबट्ये कुणाच्याही गॅलरीत, कुणाच्याही पार्किंगमध्ये बसवता येतात, आणि एका खोट्या फोटोपायी वनखात्याची गाडी पन्नास किलोमीटर हेलपाटा मारून येते, तेवढ्या वेळात खरी गरज दुसरीकडं असते. फोटो कुणी काढला, कधी, कुठल्या गट नंबरात, एवढं विचारल्याशिवाय पुढं ढकलू नका.

धरून नेला तरी दुसरा का येतो

कारण जागा रिकामी राहत नाही. मोठा नर बिबट्या आपला इलाखा धरून असतो, आजूबाजूच्या जवान नरांना फिरकू देत नाही. त्याला उचललं की ती जागा मोकळी झाल्याचं बाकीच्यांना कळतं, आणि जे येतात ते बहुतेक नवखे असतात, त्यांना तुमची वाट, तुमच्या वेळा, तुमची कुत्री कशाचीच माहिती नसते. जुना बिबट्या वर्षानुवर्षं शेजारी राहून माणसाला टाळायला शिकलेला असतो. पिंजऱ्यात शेळीच्या वासानं जो आधी आला तो अडकतो, तुमची शेळी नेणारा तोच असेल असं अजिबात नाही. कधी कधी पिल्लंवाली मादी अडकते आणि पिल्लं उसात राहतात, मग तर अजून घोळ.

आपल्याच भागात हे मोजून झालेलं आहे. २००१ ते २००३ ह्या काळात जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर बिबट्ये धरले आणि लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा नंतर अभ्यास केला, तर त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले होते. म्हणजे जे करून लोकांना वाटत होतं की सुटलो, त्याच काळात हल्ले चौपट झाले. त्यामुळं आता धरलेले बरेच बिबट्ये माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जातात, आणि तिथं जागा किती पुरणार हे तुम्हीच बघा.

सोडलेला बिबट्या तिथंच राहील असंही नसतं. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक पूर्ण वाढलेला नर बाहेर काढून, ठावठिकाणा कळवणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडला होता, त्याला अभ्यास करणाऱ्यांनी आजोबा नाव ठेवलं होतं. तो गडी महिन्याभरात शंभर-सव्वाशे किलोमीटर चालून, रेल्वे आणि हायवे ओलांडून मुंबईच्या बोरिवली नॅशनल पार्कच्या बाजूला पोचला, आणि वाटेत कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. आता सांगा, "लांब नेऊन सोडा" म्हणजे नक्की किती लांब?

तो येतो कशासाठी

ऊस म्हणजे त्याला लपायला जागा. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे, कालव्याला बारमाही पाणी आलं आणि त्याबरोबर ऊस आला. आडसाली लावला तर सोळा-अठरा महिने ते पीक उभं असतं, आत गारवा, पाणी, माणूस नाही. बिबट्याच्या कितीतरी पिढ्या उसातच जन्मल्यात, त्यांनी सह्याद्रीचं जंगल बघितलेलंच नाही, त्यामुळं "जंगलातून आला" हे म्हणणंच चुकीचं आहे. ऊस तर काही आपण बंद करणार नाही. पण ऊस नुसता लपायला, खायला तो उसाबाहेर येतो, आणि ते खाणं आपण ठेवतो.

अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं होतं, त्यात वजनाच्या हिशोबानं ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली. त्यातही सगळ्यात जास्त कुत्री, ३९ टक्के. मग मांजरं १५ टक्के. शेळ्या फक्त ११ टक्के, आणि तिथं शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या जवळपास सात पट होती. म्हणजे शेळी सापडली तर खातो, पण त्याचं रोजचं जेवण म्हणजे मोकाट कुत्रं. शेळी आपण रात्री कोंडतो, कुत्रं कोण कोंडतं?

तर वस्तीवर परत परत येत असेल तर आधी हे बघा: कुत्री किती आहेत आणि रात्री कुठं झोपतात. पाळलेलं असेल तर रात्री घरात किंवा जाळीत घ्या. ओट्याला साखळीनं बांधून ठेवलेलं कुत्रं म्हणजे त्याला बोलावणं आहे, आणि ते नेताना तो थेट तुमच्या दारापर्यंत येतो, ज्या दारातून दोन मिनिटांनी पोरगं बाहेर येणार असतं. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला तर कुत्रं वाचू शकतं, धनगर लोक पूर्वीपासून घालतात, पण त्यानं बिबट्याचं येणं थांबत नाही. गावातल्या मोकाट कुत्र्यांसाठी नसबंदी हाच उपाय, आणि तो ग्रामपंचायतीच्या पातळीवरच होतो.

कुत्री वाढतात कशावर? आमच्याकडं मुख्य कारण पोल्ट्री. शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या गोणीत भरून ओढ्यात फेकायच्या, ही सवय आहे. मटणाच्या दुकानाचं फेकायचं सामान, लग्नातलं उरलेलं, मेलेलं वासरू ओढ्याला, सगळं तसंच. ओढ्याला कुत्री जमतात, रानडुकरं जमतात, आणि त्यांच्या मागं तो. आमच्या बाजूच्या एका वस्तीवर पोल्ट्रीवाल्यानं खड्डा करून चुना टाकून कोंबड्या पुरायला सुरुवात केली, तर काही महिन्यांत ओढ्याकडची कुत्री निम्मी झाली. बिबट्या अजून आहे, पण त्या वस्तीच्या अंगणात तो आता येत नाही, ओढ्याच्या पलीकडून निघून जातो. ह्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवायची पण नाही.

गोठा

हे सोपं आहे आणि तरी सगळीकडं चुकलेलं दिसतं. भिंत सहा फूट, दार लोखंडी, कुलूप मोठं, आणि वर उघडं! बिबट्याला सहा फूट भिंत काहीच नाही, तोंडात शेळी धरून तो तीच भिंत परत चढतो. वरून जाळी पाहिजे म्हणजे पाहिजेच. चेनलिंक जाळी चारी बाजूंनी आणि डोक्यावर, मध्ये अँगल, जाळी अँगलला नुसती बांधायची नाही तर वेल्डिंग करून पट्टी मारायची, कारण तो पंजा अडकवून ओढतो. दाराखाली फट चार बोटांपेक्षा जास्त नको, खाली सिमेंटचा उंबरा घाला नाहीतर तो खालची माती उकरतो. पत्र्याचा गोठा असेल तर पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधली जी मोकळी जागा हवेसाठी सोडतो ना, तिथूनच तो आत उतरतो, तिथं जाळी ठोका. काही ठिकाणी नुसता तुराट्यांचा कूड असतो, त्याच्यावर काय बोलायचं.

आत शिरला की एक शेळी घेऊन जाईल असं समजू नका. बंद जागेत शेळ्या सैरावैरा धावतात आणि तो एकामागं एक मारत सुटतो, सकाळी सात-आठ मेलेल्या आणि नेलेली एकच. म्हणून दाराचा खर्च हा एका शेळीशी नाही तर अख्ख्या कळपाशी लावून बघायचा.

गाय-म्हैस मोठी असेल तर तिला सहसा काही करत नाही, वासरू आणि कालवड मात्र आत बांधा.

माणसं

आता खरं महत्त्वाचं. हल्ले बहुतेक ठराविक वेळी, ठराविक जागी आणि ठराविक माणसांवर होतात, आणि म्हणूनच टाळता येतात.

वेळ म्हणजे दिवे लागणीपासून जेवणं होईपर्यंत आणि पहाटे उजाडायच्या आधी. माणसं म्हणजे लहान मुलं, आणि वाकलेली किंवा उकिडवी बसलेली मोठी माणसं. उभा माणूस त्याला भक्ष्य वाटत नाही, उंच असतो. तोच माणूस घास कापायला खाली वाकला, निंदायला बसला, परसाकडला बसला की मागून बघणाऱ्याला तो बुटका प्राणी दिसतो, आणि तो येतो पण मागूनच, मानेवर. त्यामुळं अंधारात बाहेर बसायला जायचं नाही हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सुद्धा समजावून सांगा, संडास बांधलेला असून "आत गुदमरतं" म्हणून बाहेर जाणारे आमच्याकडं अजून आहेत. संडास घरापासून लांब असेल तर वाटेवर लाईट आणि सोबत कुणीतरी.

मुलांचं फार साधं आहे. संध्याकाळी आई चुलीपाशी, बाप दूध घालायला डेअरीवर, आजी देवापुढं, आणि पोरं अंगणात. हाच तो पाऊण तास. त्या वेळात मुलं घरात, दार लावलेलं, एवढा एक नियम पाळला तरी अर्धी काळजी मिटते. अंगणाची लाईट रस्त्याकडं लावतात, ती उसाकडं तोंड करून लावा. अंगणाच्या कडेचं गवत, रचलेली लाकडं, घाणेरीची झुडपं काढून टाका. आणि जमलं तर घर आणि ऊस ह्यांच्या मध्ये निदान तीस-चाळीस फूट बुटकं पीक घ्या, कांदा, मेथी, भुईमूग, काहीही, ज्यात बसलेला बिबट्या दिसेल. शेजाऱ्याचा ऊस तुमच्या भिंतीला टेकलेला असेल तर ही बांधाची भांडणं होतात हे मला माहितीये, पण ती दिवसा बसून मिटवा, तिथं पोलीस पाटलाला मध्ये घ्या.

ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ही सगळ्यात जास्त धोक्याची जागा, आणि ह्याच्याबद्दल गावात कुणी बोलत नाही कारण ती माणसं आपल्या गावची नसतात. तोडलेल्या फडाच्या कडेला पाचटाची कोपी, दार म्हणून पोत्याचं कापड, आत जमिनीवर बारकी पोरं झोपलेली, शेजारी उभा ऊस. आणि तोड सुरू झाली की बिबट्याचं लपण रोज कमी होत जातं, तो एका फडातून दुसऱ्यात सरकत असतो, म्हणजे नेमका त्याच दिवसांत तो सगळ्यात जास्त फिरतो. तुमच्या शेतात टोळी उतरली असेल तर कोप्या उसाला खेटून घालू देऊ नका, मोकळ्या रानात एकत्र घाला, एक वायर ओढून दोन बल्ब द्या, आणि पहाटे आईबाप तोडीला गेल्यावर पोरांजवळ एक मोठं माणूस थांबलं पाहिजे हे मुकादमाला ठणकावून सांगा. ह्याला खर्च जवळपास शून्य आहे.

रात्रीचं पाणी. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, म्हणजे रात्री अकरा-बाराला मोटर चालू करायला विहिरीवर आणि मग दारं मोडायला, म्हणजे सरीत पाणी वळवायला, उसात. बॅटरी पाण्याकडं, मान खाली, पाठ उसाकडं, ह्यापेक्षा वाईट पोझिशन नाही. दिवसा लाईट द्या ही मागणी बरोबरच आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे, पण तोपर्यंत काय? मोबाईल स्टार्टर बसवा, घरात बसून मिस कॉलवर मोटर चालू-बंद होते, विहिरीवरची चक्कर वाचते. आणि ठिबक करा, म्हणजे दारं धरायचं कामच जातं. लोक ठिबककडं पाणी वाचवायचं म्हणून बघतात, मी तर म्हणतो आमच्या भागात रात्री उसात जावं लागू नये हाच त्याचा पहिला फायदा. सौर पंप मिळाला तर उत्तमच, दिवसाच पाणी. हे काहीच शक्य नसेल तर दोघं जा, एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं उभं राहून फक्त बॅटरी फिरवायची, मोबाईलवर भजन नाहीतर तमाशाची गाणी मोठ्यानं लावा, हातात घुंगराची काठी. बिबट्याला माणूस येतोय हे आधी कळलं तर तो बाजूला होतो, अचानक समोरासमोर आलं की घोटाळा.

मोटरसायकलवर उसाच्या मधल्या रस्त्यानं रात्री जाताना तो मागं धावल्याचे प्रकार होतात. थांबायचं नाही, वळून बघायचं नाही, गाडी काढायची. मागं बसलेल्यानं पाय लोंबकळत ठेवू नये.

मशीन, फटाके वगैरे

सेन्सरवाले भोंगे आणि लुकलुकणारे सोलर दिवे मिळतात, काही गावांत वनखात्यानं लावलेत. उपयोग होतो, पण एकाच जागी ठेवले तर थोड्या दिवसांत तो त्यांना ओळखून बाजूनं जातो. दर आठवड्याला जागा बदला. गोठा नीट बंद करून वर हे असेल तर चांगलं, गोठ्याच्या बदल्यात नको.

झटका मशीनचं कुंपण चालतं, त्यात करंट ठोक्याठोक्यानं येतो, चटका बसतो पण जीव जात नाही. मेन लाईनचा करंट तारेत सोडायचा प्रकार मात्र अजिबात नको, रानडुकरासाठी म्हणून सोडतात आणि सकाळी त्यात शेजारचा माणूस मेलेला सापडतो. तो गुन्हा आहेच, शिवाय बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो मेला तरी केस होते. विष घातलेली शेळी टाकणं हा पण तसलाच प्रकार, ती आधी गावातली कुत्री आणि घारी खातात.

फटाके त्या वेळेपुरते ठीक. उसात मादी असेल तर फटाके लावून तिला आपणच दुसऱ्या वस्तीकडं हाकलतो, तेवढं लक्षात ठेवा.

समोर आलाच तर

पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, दगड उचलायला सुद्धा नाही. हात वर, उपरणं किंवा फडकं फडकवा, जोरात ओरडा, नजर त्याच्यावर ठेवून एक एक पाऊल मागं सरका, त्याला निघून जायला वाट राहील अशा बाजूनं. बरोबर लहान मूल असेल तर न वाकता खांद्यावर घ्या.

घरात, शाळेत, गोठ्यात शिरला तर बाहेरून दार लावा आणि लांब व्हा, आणि १९२६ ला फोन करा, वनखात्याची टोल फ्री हेल्पलाईन आहे, पूर्ण महाराष्ट्रात चालते. त्यानंतर तुमचं काम एकच, लोकांना लांब ठेवणं. चारी बाजूंनी पाचशे माणसं, कुणी पत्र्यावर चढलंय, कुणी लाईव्ह करतंय, मग तो बिथरून ज्या दिशेला फट दिसेल तिकडं झेप घेतो आणि चार-पाच जण फाडले जातात. ह्या जखमा बिबट्यापेक्षा गर्दीनं होतात असं माझं मत आहे. विहिरीत पडला असेल तर पण तेच: खाट दोरांनी खाली सोडली की तो तिच्यावर चढून बसतो, दम खातो, मग शिडी किंवा पिंजरा सोडून वनखात्याचे लोक त्याला काढतात, पण काठावर जत्रा असेल तर तो वर येतच नाही. विहिरीला कठडा बांधला तर हा प्रसंगच येत नाही, आणि आपली माणसं पण पडत नाहीत.

पिल्लं सापडली तर तोड त्या पट्ट्यात थांबवा, हात लावू नका, सेल्फी नको, घरी तर मुळीच न्यायची नाहीत. वनखात्याचे लोक पिल्लं तपासून क्रेटमध्ये त्याच जागेवर ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि बहुतेक वेळा मादी त्याच रात्री येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. मालकाला एक दिवस तोड थांबल्याचं नुकसान वाटतं, पण पिल्लं हरवलेली मादी आसपास फिरत असताना मजुरांना फडात उतरवणं त्याच्यापेक्षा किती महाग पडेल ते बघा.

हे सगळं करून पण माणसावर हल्ला झाला तर

तर मग वर लिहिलेलं कुणाला ऐकवत बसू नका. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला थोड्या दिवसांच्या अंतरानं लहान मुलं गेली, वृद्ध बाई गेली, लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला, बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होत्या. अशा वेळी त्या घरच्यांना "तुम्ही कुत्री का कोंडली नाहीत" विचारणारा माणूस मला तरी सहन होणार नाही. एकाच भागात एकामागोमाग माणसांवर हल्ले होत असतील तर तो वेगळा प्रश्न आहे, तिथं पिंजरे, कॅमेरे, ड्रोन, गरज पडली तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीनं त्याला संपवणं, हे सगळं करावंच लागतं आणि पटकन करावं लागतं. तेवढ्या दिवसांत गावानं शेतातली कामं दहा ते चार ह्या वेळात, गटानं करायची, शाळेत मुलं एकत्र सोडायची आणि आणायची.

जखमी झाला तर मानेवर, डोक्यावर स्वच्छ कापड दाबून धरा, १०८ ला फोन. जखम छोटी असेल, नुसता ओरखडा असेल तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजची लस घ्या, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सिरम पण द्यावं लागतं, ते आहे का हे दवाखान्यात पोचायच्या आधीच फोन करून विचारा, कारण ते सगळीकडं नसतं आणि मग ग्रामीण रुग्णालयातून पुण्याला पाठवतात. हळद, चुना, तंबाखू काही भरायचं नाही.

भरपाईचं पण सांगून टाकतो. माणूस दगावला तर २५ लाख, जखमीला आणि जनावराला वेगळी. जनावर मेलं असेल तर ते जागेवरून हलवू नका, अर्धवट खाल्लेलं असेल तरी. पोरं वास येतो म्हणून ओढून टाकतात, मग वनरक्षक येतो तेव्हा ना ठसे ना दातांच्या खुणा, आणि पंचनाम्यात "बिबट्यानं मारल्याचं सिद्ध होत नाही" असं लिहिलं जातं. ताडपत्री टाकून झाका, फोटो काढा, त्याच दिवशी कळवा, पशुवैद्यकीय डॉक्टरचा दाखला घ्या, सातबारा, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स तयार ठेवा. आणि पंचनाम्यावर सही करायच्या आधी तो वाचा, शेळ्यांची संख्या आणि गट नंबर बरोबर लिहिलाय का ते बघा, कारण नंतर दुरुस्तीला तालुक्याला फार चकरा मारायला लागतात.